रविवारचं प्रॅक्टिकल

अल्कलीचे दोन-चार थेंब पडले न पडले तोच पीएच मीटरवरचा आकडा चारावरून सहाकडे पळाला. प्रणालीनं घाईघाईनं ब्युरेटची तोटी बंद केली. मागच्या खेपेला ती इथंच चुकली होती.

अमरावतीच्या त्या कॉलेजात रविवारी दुपारी दोघंच होती. आलेख चुकला म्हणून प्रयोग पुन्हा करायला आलेली प्रणाली, आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा उघडून दाराशी बसलेले परिचर नत्थुजी. मंगळवारी ते निवृत्त होणार होते. घरी बसून करायचं काय, म्हणून रविवारची चावी त्यांनी आपणहून मागून घेतली होती.

"बेटा, एक इचारू?" ते उठून जवळ आले. "एकतीस वर्सं झाले, मी ह्या नळ्या धुऊन राहिलो. अंदर काय होते, थे मले कोनं सांगतलंच नाई."

"तुमी कधी इचारलं नाई, मामा?"

"इचारलं होतं एकदा. सर हासले."

प्रणालीनं वहीतलं कोरं पान फाडलं आणि त्यावर ग्लायसीनचा रेणू काढला. अगदी लहानसा, दोन टोकांचा.

"हे अमिनो आम्ल. असे लय जोडले का प्रोटीन बनते. आंबट पान्यात याच्यापाशी एक प्रोटॉन जास्तीचा असते, म्हनून हा अधिक. अल्कली टाकत गेलं का पयले हे टोक प्रोटॉन सोडते. मंग इथं, सहाच्या आसपास, एक टोक उणे, एक अधिक. बेरीज शून्य. विजेच्या दोन तारांमधी ठेवला तरी कोनाकडंच जात नाई. अजून टाकली का दुसरं टोकही सोडते, मंग पुरा उणे."

"म्हंजे रेनू तोच?"

"तोच. पानी बदललं का त्याचं रूप बदलते."

नत्थुजी कागदाकडे पाहत राहिले.

"आमची सुभद्रा रोज इचारे, थ्या शिश्यांमधी दिवसभर काय करता म्हनून. मी म्हनो, धुतो."

"मंग आज घरी गेल्यावर सांगा ना मामींले."

"तिले जाऊन चार वर्सं झाले, बेटा."

 प्रणालीनं उरलेला आलेख पुरा केला, रेणूचा कागद त्यांच्या हातात दिला आणि दर्यापूरची गाडी गाठायला निघून गेली.

नत्थुजींनी ब्युरेट धुवायला घेतली, पण तशीच ठेवून दिली. हात पुसले. कागद घेऊन फळ्यापुढं गेले आणि खडूनं, जपून जपून, तो रेणू काढला. एका टोकावर अधिक, दुसऱ्यावर उणे. मग वळून, घसा साफ करून त्यांनी सांगायला सुरुवात केली. आंबट पाण्यापासून शेवटपर्यंत, कुठंही न अडखळता.

झाल्यावर खडू खाली ठेवला. रांगेनं मांडलेल्या रिकाम्या स्टुलांकडे पाहत ते थोडा वेळ थांबले.

"कोनाले काई शंका?"