धार

"पात्याची खाच कुणी घासली?" आइस हॉकी संघाच्या प्रशिक्षकांनी माझ्या स्केटवरून अंगठा फिरवत विचारलं. निवड चाचणीत मी तिसऱ्यांदा आपटले होते.

पात्याच्या मधल्या खाचेमुळेच कडा बर्फाला धरून राहतात. चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या माझ्या बाबांना ती झीज वाटली असणार. निघायच्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी दोन्ही पाती चाकावर धरून सुरीसारखी केली होती.

"मीच," मी म्हणाले.

यादीत माझं नाव नव्हतं. वयाच्या अटीत मी याच वर्षापर्यंत बसत होते.

कोल्हापूरच्या स्टँडवर बाबा माझी वाट बघत होते. "धार कशी लागली होती?"

"एक नंबर."

त्यांनी बॅग खांद्यावर घेतली. "पुढच्या वर्षी अजून बारीक काढतो."