निरोपाचा रकाना

मरणाच्या दारातल्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या त्या केंद्राचा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. रुग्णांच्या नोंदींच्या तक्त्यात 'घरच्यांना निरोप' हा नवा कॉलम टाकला, तोही त्यानेच.

वडील त्याच केंद्रात वारले. महिन्याभराने मन घट्ट करून त्याने त्यांचं पान उघडलं. निरोप कोरा.

"माझ्यावरचा राग मनात धरूनच गेले," तो पुटपुटला.

मग सहज त्याने बाकीची पानं पाहिली. बासष्टच्या बासष्ट कोरी.

त्याने कोड उघडून पाहिला. कॉलम जागेवर होता. पण काय काय जतन करायचं, त्या कोडमधल्या यादीत या कॉलमचं नाव घालायचंच राहून गेलं होतं. प्रोग्राम निरोप मुकाट टाकून द्यायचा आणि वर 'जतन झाले' म्हणायचा.

त्याने सिस्टरना गाठलं. "बाबा काही बोलले होते?"

"अहो, चांगला पाऊण तास! टाइप करून माझी बोटं दुखली."

"काय म्हणाले, आठवतंय?"

"इतक्या जणांचं कुठलं लक्षात राहायला? मी वहीतही उतरवून घेणार होते, तर तेच नको म्हणाले." सिस्टर हसल्या. "म्हणाले, 'वही हरवेल. हे माझ्या पोरानं केलंय, यातून काही जायचं नाही.'"