सासूबाईंचा डोळा

"बोलायचं नाही, गिळायचं नाही," सिस्टरनी बजावलं आणि वायरमनने गोळी जिभेखाली ठेवली. तुरुंगाच्या दवाखान्यातली ही त्याची शेवटची गोळी. अकरा वाजता तो सुटणार होता.

ही गोळी गर्दची तलफ दाबून ठेवते. ती जिभेखाली विरघळायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ नर्सला कैद्यासमोर बसून राहावं लागतं. नजर चुकली, की गोळी तोंडातून खिशात आणि खिशातून बराकीत विकायला जाते. बाकीच्या नर्स ती दहा मिनिटं घड्याळाकडे बघत काढायच्या. या सिस्टर बोलायच्या, आणि वायरमनपुढे त्यांचा विषय एकच, सासूबाई. सासूबाई दुधाच्या पातेल्याला खडूने खूण करून झोपतात. सासूबाई टीव्हीवर भांडण लागलं की वाईट माणसाची बाजू घेतात. वायरमनला तोंड उघडायला बंदी, त्यामुळे हसू नाकातून यायचं. दहा मिनिटं झाली की गोष्ट असेल तिथे सोडून सिस्टर उठायच्या. उरलेलं उद्या.

सुरुवातीला एकदा त्याने औषधच सोडायचं ठरवलं होतं. हाडं ठणकत होती, जगण्याचा वीट आला होता, भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. पण आदल्या दिवशीच्या गोष्टीत सासूबाई रुसून धाकट्या सुनेकडे निघून गेल्या होत्या. त्या परतल्या की नाही, हे कळेपर्यंत त्याला चैन पडेना. शेवटी शिव्या देत उठला. तिसऱ्याच दिवशी धाकटीने हात जोडून त्यांना परत आणून सोडलं होतं. असे चौदा महिने निघाले.

आता सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी उद्या सकाळी सुटणार होती. दिसायला लागलं की पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरातली जळमटंच दिसतील त्यांना, असं म्हणून सिस्टर उठल्या.

तोंड मोकळं झाल्यावर वायरमनने विचारलं, मग मला कसं कळणार?

सिस्टरनी त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. गावातल्या सरकारी दवाखान्यात हीच गोळी रोज मिळते, शुक्रवारी तिथे मीच असते, उद्या नऊला ये. मग त्या हसायच्या थांबल्या. "शरीराची सवय मोडलीय आता. पूर्वी घ्यायचास तेवढी पुडी घेतलीस, तर वाचणार नाहीस."

त्याला त्यांचे आभार मानायचे होते. ते कसे मानतात हे काही त्याला कळेना. त्याने नुसती मान हलवली आणि तो निघाला.

तुरुंगाच्या दरवाज्याबाहेर त्याचा जुना दोस्त मोटरसायकल घेऊन उभा होता. वायरमनची पकड, टेस्टर, ड्रिल मशीन, सगळं पुड्यांपायी एकेक करून याच दोस्ताने विकून दिलं होतं. सुटल्याची भेट म्हणून त्याने एक पुडी पुढे केली. वायरमनच्या तोंडून नको एवढा शब्द निघाला नाही. पुडी खिशात घेऊन तो ताईकडे गेला. ताईने ताट वाढलं, अंथरूण घातलं. त्याने दहादा पुडी टाकायचं ठरवलं आणि दहादा ती खिशात परत ठेवली. सकाळी स्वतःशीच म्हणाला, सासूबाईंचं तेवढं ऐकून येऊ, मग बघू.

नऊच्या आधीच तो दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसला. फरशी पुसणाऱ्या मावशींना त्याने विचारलं, सिस्टर आल्या का, त्यांच्या सासूबाईंची पट्टी निघाली का.

मावशींनी फडकं बादलीत पिळलं. "कुठली सासू? त्यांचं लग्नच झालेलं नाही. एका खोलीत एकट्या राहतात." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "तिकडून सुटलेला ना तू? मागच्या महिन्यात एक जण त्यांच्या मुलीचा निकाल विचारत आला होता. त्याच्याआधी एकाला त्यांच्या दिराच्या कोर्टकचेरीची काळजी. मी त्यांना म्हटलं, अहो, इतकं कशाला खोटं बोलायचं? तर म्हणाल्या, येतात ना पण."

वायरमन उठून बाहेर पायरीवर आला. समोरच्या टपरीशी दोस्त मोटरसायकलला टेकून उभा होता. त्याने हात केला. वायरमनला आधी राग आला. चौदा महिने आपल्याला पोरासारखं खेळवलं. एका नसलेल्या म्हातारीसाठी आपण पुडी न फोडता रात्र काढली.

रात्र काढली, हे मनात आलं आणि तो तिथेच थांबला. आजवर त्याच्याशी खोटं बोलणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन गेला होता. या बाई रोज खोटं बोलल्या आणि रोज त्याला एक एक दिवस देत गेल्या. असे सव्वाचारशे दिवस त्याच्या पदरात पडले होते. त्याचे डोळे भरून आले. पायरीखालून गटार वाहत होतं. त्याने पुडी फोडून त्यात रिकामी केली आणि दोस्ताकडे न बघता तो आत गेला.

त्याचा नंबर लागला. सिस्टर गोळीचं पाकीट कापत होत्या. तो समोरच्या खुर्चीत बसला, खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मग सिस्टर," तो म्हणाला, "सासूबाईंना दिसायला लागलं का?"