रबराखालचा आकडा

यंत्राच्या पडद्यावर अठ्ठावन्न उमटलं आणि लेकीने तो आकडा लगेच पुसून टाकला.

जाळीसमोर बाबा पाठमोरे उभे होते. चेंडू जाळीत अडकून खाली घरंगळला तरी त्यांनी मान वळवली नव्हती. गोल्फचा क्लब फिरवून झाला की क्षणभर तसंच स्थिर उभं राहायचं, ही त्यांची जुनी शिस्त. आज मात्र ते धाप लपवायला उभे होते.

"किती?"

"सहासष्ट."

"बघ! म्हाताऱ्यात दम आहे अजून."

ती हसली. याच दुकानात चाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या हाताला गोल्फचे क्लब बेतून दिले होते. शिंपी अंगरखा बेततो तसे. तिला हा धंदा त्यांनीच शिकवला. आधी स्विंगचा, म्हणजे क्लब फिरवण्याचा, वेग मोजायचा, मग बाकीचं बोलायचं. वेगवान हाताला जड, कडक दांडी. संथ हाताला हलकी, लवचीक. गिऱ्हाईक रुसलं तरी आकडा तोंडावर सांगायचा. आणि काम संपलं की मुठीचं रबर चढवण्याआधी दांडीवर तो आकडा मेणाच्या पेन्सिलीने लिहून ठेवायचा, म्हणजे पुढे कधी रबर निघालं तर दुरुस्त करणाऱ्याला माणूस कळतो. "रबराखाली खोटं लिहायचं नाही," बाबा सांगायचे.

पण याच बाबांनी वकीलकाका आणि बाकी खेळणाऱ्या मित्रांच्या घोळक्यात एकदा बोलून टाकलं होतं, "वेग साठच्या खाली आला की क्लब माळ्यावर. मागच्यांना ताटकळत ठेवून मी खेळणार नाही." आणि बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आई गेल्यापासून ते उंबरठा ओलांडत ते फक्त सकाळच्या त्या हिरवळीसाठी. क्लब माळ्यावर गेले की पाठोपाठ बाबा अंथरुणाला खिळणार, हे लेकीला लख्ख दिसत होतं.

"तरीपण आयर्न बदलू या, बाबा," ती म्हणाली. "तुमची जुनी पात्यासारखी पातळ आहेत. ही बघा."

तिने रुंद बुडाची, जाड पाठीची आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याचे क्लब, पुढे केली. चेंडू जरा बाजूला लागला तरी चूक पोटात घालणारी, संथ हातालाही चेंडू उंच उचलून देणारी. कंपनीच्या भाषेत गेम-इम्प्रूव्हमेंट.

"ही फावडी? मला काय बाग खणायची आहे?"

"वकीलकाकांनी घेतलीत."

"वकिलाला शोभतात. जन्मभर दुसऱ्यांसाठी खड्डेच खणलेत त्याने."

शेवटी हो-ना करत ते कबूल झाले. "पण दांडी कडकच हवी. सहासष्टला कडक चालते."

लेकीने सर्वांत हलकी, सर्वांत लवचीक दांडी निवडली. तिच्यावरची पट्टी खरवडून काढली आणि 'कडक' लिहिलेली पट्टी चिकटवली. मग सात नंबरच्या दांडीवर तिने पेन्सिलीने लिहिलं: ५८. तेवढं खोटं तिच्याने लिहवेना. वर रबर चढवलं आणि विषय झाकला.

बाबांनी क्लब हातात घेतला. दांडीवर टिचकी मारून ती कानाशी धरली. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

"हलकी वाटते."

"नवा धातू आहे, बाबा."

"असेल, असेल," ते म्हणाले. "चांगली कडक आहे."

त्यानंतर बाबा तीन वर्षं खेळले. रोज सकाळी टोपी घालून निघायचे, दुपारी वकीलकाकांची उणीदुणी सांगत जेवायचे. सोमवारी दुकान बंद असे. तेव्हा ते किल्ली घेऊन एकटेच जायचे. "यंत्रावरची धूळ झटकून येतो," म्हणायचे. मंगळवारी कधीकधी रबर चढवायच्या पातळ तेलाच्या बाटलीचं बूच सैल सापडे. विसरभोळेपणा वाढला, असं तिला वाटे. तशी अख्ख्या बाजारात न कापता रबर सोडवून पुन्हा चढवायची कला एकट्या बाबांच्या हातात होती. पण ते हात आता चहाचा कपही दोन्ही बाजूंनी धरत.

हिवाळ्याच्या एका सकाळी बाबा टोपी घालून खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने वकीलकाका दुकानात आले. बराच वेळ भिंतीवरचे क्लब बघत राहिले.

"पोरी, त्याचं सात नंबरचं आयर्न मला दे. माझ्या पिशवीत राहील."

"तुमच्या बोटांना जाड रबर लागेल, काका. बसा, बदलून देते."

"बदल. आणि काय गं, शेवटी शेवटी त्याचा चेंडू माझ्याही मागे पडायचा. म्हटलं, अरे, तुझ्या शब्दाचं काय झालं? तर नुसता हसायचा. म्हणायचा, घरी एकजण वाट बघत असतं. आज किती लांब गेला, हे ऐकायला."

लेकीने क्लब पकडीत आवळला, सुरीने रबर उभं चिरलं आणि साल काढावी तसं सोलून काढलं.

तिचं ५८ तिथे होतं. त्याच्याखाली, मेणाच्याच पेन्सिलीने, दुसऱ्या हाताचं अक्षर होतं. ५७. मग ५५. मग ५२. प्रत्येक आकड्यासमोर तारीख, आणि प्रत्येक तारीख सोमवारची. आकडा उतरत गेला होता तसं अक्षरही वाकडं होत गेलं होतं. सर्वांत खाली ४६ होतं, जेमतेम वाचता येईल असं.

आणि त्याच्या शेजारी, पुढे कधी रबर काढणाऱ्या अनोळखी कारागिरासाठी, एक ओळ होती: 'मुलीला सांगू नये. तिला वाटतं, मला माहीत नाही.'