टाचांची पारख

स्थळ बघायला गेलं की पुरुषमंडळी वावर किती, विहिरीला पाणी किती, हे विचारतात. फुलसावंगीच्या प्रभाआत्या मात्र गुपचूप बायांच्या टाचा बघतात. घरात बाईची कदर किती, हे टाच सांगते, असा त्यांचा ठोकताळा; आणि तो कधीच चुकत नाही, असं त्याच सांगतात.

भाचीसाठी दिग्रसच्या घरी गेल्या, ते ऐन थंडीत. होणाऱ्या विहीणबाई उठून आत गेल्या, तेवढ्यात आत्यांनी पाहून घेतलं. साठीची बाई, पण टाचा लोण्यासारख्या! इथं पोरगी सुखात राहीन, असं मनाशी म्हणत आत्यांनी होकार ओठांवर आणला.

तेवढ्यात थोरली सून चहाचे कप उचलायला वाकली. तिच्या टाचांना उन्हाळ्यातल्या काळ्या वावरासारख्या भेगा.

"काहून वो बाई," आत्या हळूच म्हणाल्या, "थंडीचं कातडं असं कोरडं ठेवतेत का? घरात मलम-क्रीम काही नाही?"

"आहे नं मावशी. रोज रात्री चोळा लागते," सून सहज म्हणाली, "सासूबाईच्या टाचेले."