नवं काम देऊ नका

"सर, त्या सर्व्हरला माझं नाव तुम्हीच चिकटवलंत!" हेमलता भर मीटिंगमध्ये उभी राहिली.

भिंतीवरच्या स्क्रीनवर वेबसाइटचे सगळे सर्व्हर होते. काहींपुढे 'चालू', काहींपुढे 'बंद'. एकापुढे मात्र 'हेमलता'. म्हणजे त्या सर्व्हरला हातातलं संपवू द्या, नवं काम देऊ नका. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यापासून तिचंही तेच चाललं होतं.

"अहो, पोरांची गंमत ती. मनाला काय लावून घेता!" सर हसले, टीमही हसली.

तिने सरांचाच लॅपटॉप पुढे ओढला आणि 'हेमलता' खोडून 'चालू' केलं. लगेच त्या सर्व्हरकडे काम धावलं. तो ते सपासप उरकू लागला.

"बघितलंत? दिलं की करतो. आता हसू नका, सर. मला नवं काम का देत नाही, ते सगळ्यांसमोर सांगा."