गुण आला

गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात अनुश्रीच्या पोटात पाणीसुद्धा टिकेना, तेव्हा तिच्या सासूबाईंनी, पद्मिनीबाईंनी, घरीच अद्रकाचा सोडा करायला घेतला. ताजं अद्रक किसून साखरेच्या पाण्यात घालायचं, बरणी फडक्यानं झाकून ठेवायची आणि फेस धरला की लिंबू पिळून बाटलीत भरायचं. तेलीबांधा भागातल्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये दिवसभर अद्रकाचाच वास असायचा.

"पी थोडं. तुले बरं वाटन," त्या म्हणायच्या.

"मम्मी, अब नहीं होगा मुझसे," असं म्हणत अनुश्री नाक दाबून प्यायची आणि तरीही ओकायची.

मग एका गुरुवारी उलट्या थांबल्या. अनुश्रीनं दोन पोळ्या खाल्ल्या, वर लोणचं मागून घेतलं. पद्मिनीबाईंनी लगेच गुढियारीतल्या बहिणीला फोन लावला. "डॉक्टरच्या गोळीनं जे नाही झालं, ते माह्या सोड्यानं केलं." शेजारच्या दोघीतिघींना त्यांनी कौतुकानं बाटल्याही दिल्या.

पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीला त्या हट्टानं सुनेसोबत आत गेल्या. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "उलट्या केव्हापासून थांबल्या?"

अनुश्रीनं तोंड उघडायच्या आत पद्मिनीबाई पुढे सरकल्या. "गुरुवारपासून, मॅडम. माह्या अद्रकाच्या सोड्याचा गुण आला."

 

डॉक्टरीणबाईंनी पडदा बंद केला. "बाळाचे ठोकेही त्याच सुमारास थांबलेत."